एक्सपेरिमेंट नंबर ११

पीएचडीसाठी प्राध्यापकांना मेल टाकण्याआधी आपण त्यांचे पेपर वाचतो. वाचायलाच हवेत. पण पेपरवर जी विद्यार्थ्यांची नावं असतात, त्यांचं पुढे काय झालं हे फारसं कुणी बघत नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा इतिहास त्यासाठी माहीत असावा.

अमेरिकेतल्या रटगर्समध्ये सेलमन वाक्समन हे मृदा-सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक. अॅक्टिनोमायसीट्स या तंतूंसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंवर त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या लॅबमध्ये एक पद्धत बसली होती: माती पाण्यात विरळ करायची, अगरच्या प्लेटवर पसरायची, उगवलेल्या वसाहती वेगळ्या करून रोगजंतूंसमोर ठेवायच्या आणि कुणाभोवती स्वच्छ कडं पडतं ते बघायचं. कंटाळवाणं काम, पण चोख. यातून आधी अॅक्टिनोमायसिन आणि स्ट्रेप्टोथ्रायसिन मिळाली. दोन्ही विषारी निघाली.

१९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ हा २३ वर्षांचा विद्यार्थी पाठीच्या दुखण्यामुळे लष्करातून सुटून परत आला. पगार महिना ४० डॉलर. क्षयाच्या जंतूंवर काम, त्यामुळे जागा मिळाली तळघरात! ऑगस्टमध्ये त्याच्या नोटबुकात 'एक्सपेरिमेंट ११' सुरू झाला. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचे दोन स्ट्रेन हाती आले: एक खत घातलेल्या शेताच्या मातीतून, दुसरा कोंबडीच्या घशातून. पेनिसिलिन जिथे हात टेकायचं, त्या क्षयावर हे औषध चाललं. (पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही ते बनलं.)

जानेवारी १९४४ च्या पेपरवर नावं अशी: शाट्झ, बुगी, वाक्समन. पेटंटवर मात्र फक्त शाट्झ आणि वाक्समन. एलिझाबेथ बुगी गायब. रॉयल्टीतला वाटा वाक्समन यांना वैयक्तिक मिळतोय हे कळल्यावर शाट्झने १९५० मध्ये गुरूवरच खटला भरला. तडजोड झाली: वाक्समन यांना १० टक्के, शाट्झला ३. कायद्याने तो सहसंशोधक ठरला, पण १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समन यांना गेलं. नामवंत लॅबची दारं शाट्झला बंद झाली ती झालीच.

वाक्समन यांना खलनायक करणं सोपं आहे, मला ते पटत नाही. पद्धत त्यांची होती, आणि रॉयल्टीच्या पैशातून त्यांनी रटगर्समध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभी केली. पण नोबेल पद्धतीला नाही, 'स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधाला' दिलं गेलं. माझ्या मते खरी खोच इथे आहे.

तर अर्ज करताना गाईडच्या शेवटच्या ८-१० पेपरवर पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. ती मुलं आज कुठे आहेत ते शोधा, जमलं तर त्यांना थेट विचारा. पेटंटचे नियम जॉइन व्हायच्या आधी वाचा. आणि नोटबुकात तारीख घालाच. शाट्झची बाजू टिकली त्यात त्या नोटबुकांचा मोठा हात होता. १९९४ मध्ये रटगर्सने त्यांना मेडल दिलं, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.