गैरहजर फिर्यादीची कुळकथा

अमेरिकेत ज्याच्या नावावर मोटार आहे अशा गृहस्थाच्या टपालात, आणि त्यांत न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आलीच, अधूनमधून एक कार्ड येऊन पडते. दिसायला ते जाहिरातीसारखे असल्यामुळे पुष्कळदा न वाचताच केराच्या टोपलीत जाते; पण त्यावरचा बारीक मजकूर धीराने वाचणाऱ्यास असे कळते की, आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये मुळातच दोष आहे अशी फिर्याद कोणा दूरच्या न्यायालयात दाखल झालेली होती; कंपनीस तो दोष मान्य नाही, तथापि तिने तडजोड केली आहे; त्या फिर्यादीतील असंख्य फिर्यादींपैकी आपणही एक आहोत; आणि दुरुस्तीच्या पावत्या व समोरच्या काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात दिसणारा गाडीचा सतरा अक्षरांचा ओळखक्रमांक जोडून मुदतीत अर्ज केल्यास आपणांस काही रक्कम मिळेल. तडजोडीतून बाहेर पडावयाचे असल्यास त्याची एक तारीख, हरकत घ्यावयाची असल्यास त्याची दुसरी. आणि सर्वांत शेवटी, जे सर्वांत महत्त्वाचे, ते वाक्य: काहीच न केल्यास ही तडजोड आपणांवर बंधनकारक राहील. ज्याने कोणास वकीलपत्र दिले नाही, न्यायालयाची पायरी पाहिली नाही, त्याच्या वतीने दावा चालावा, मिटावा आणि त्याबरोबर त्याचा हक्कही संपुष्टात यावा, हा प्रकार नव्या युगाचा वाटतो खरा. परंतु त्याचे कूळ मोटारीच्या जन्माहून दोन शतकांनी जुने आहे.

ते कूळ शोधू जाता आपण मोटारींच्या डेट्रॉइटला न पोहोचता सतराव्या शतकातील इंग्लंडात, डर्बीशर परगण्यातील शिशाच्या खाणींपाशी जाऊन पोहोचतो. तेथील एका धर्मोपदेशकाने खाणींतून निघणाऱ्या खनिजाच्या दशमांशावर आपला हक्क सांगितला. खाणकरी पुष्कळ; प्रत्येकावर समन्स बजावून प्रत्येकाची कैफियत ऐकावयाची म्हटले असते तर फिर्यादीचे उभे आयुष्य त्यास पुरले नसते. तेव्हा खाणकऱ्यांनी आपल्यातील चौघे पुढे केले, त्यांनी सर्वांची बाजू मांडली, आणि हुकूमनामा धर्मोपदेशकाच्या बाजूने झाला. पुढे व्हर्म्युडेन नावाच्या खाणमालकाकडे वसुली आली तेव्हा तो म्हणाला की, त्या दाव्यात मी पक्षकार नव्हतो, सबब तो निकाल मला लागू नाही. १६७६ साली चान्सरी न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. कारण असा प्रत्येकजण नव्याने भांडू लागला तर अशा कज्जांना अंतच राहणार नाही. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ही युक्ती दुर्बलांच्या कैवारासाठी निघालेली नव्हती. वसुली करणाराला अनेकांस एकाच निकालाने बांधता यावे, एवढीच तिची मूळ सोय. माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार यांना दिला कोणी, हा व्हर्म्युडेनच्या तक्रारीतील खरा प्रश्न त्या दिवशी अनुत्तरित राहिला, आणि पुढील साडेतीनशे वर्षे न्यायालये त्याचे उत्तर हप्त्याहप्त्याने देत आली आहेत.

इंग्रजी कायद्याबरोबर ही वहिवाट अमेरिकेत गेली आणि तेथे तिच्याविषयी बराच काळ संकोच होता. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी तिची शास्त्रोक्त मांडणी केली. परंतु १८४२ च्या संघराज्य न्यायालयांच्या नियमावलीतील ४८ व्या नियमाने, पक्षकार असंख्य असतील तर थोड्यांवर काम भागवावे, मात्र गैरहजर असणाऱ्यांच्या हक्कांस त्यामुळे बाध येऊ नये, अशी पुस्ती जोडून एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. १९१२ च्या नियमांत ती पुस्ती गळाली. १९३८ च्या नव्या दिवाणी नियमावलीत या दाव्यांस २३ वा नियम लाभला आणि न्यायालयाच्या मंजुरीवाचून असा दावा तडजोडीने मिटवता येणार नाही, हे कलमही त्यात आले. दोनच वर्षांनी व्हर्म्युडेनच्या प्रश्नाचे पहिले भरघोस उत्तर मिळाले ते मोटारीच्या नव्हे, तर घराच्या मामल्यात. शिकागोतील एका वस्तीत कृष्णवर्णीयांना घर विकावयाचे नाही असा करार तेथील मालकांनी केला होता आणि पूर्वीच्या एका सामुदायिक दाव्यात तो वैध ठरलेला होता. हॅन्सबेरी कुटुंबाने त्या वस्तीत घर घेतले तेव्हा तोच निकाल त्यांच्यापुढे धरण्यात आला. १९४० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्यांचे हित तुमच्या हिताच्या विरुद्ध आहे ते तुमचे प्रतिनिधी होऊ शकत नाहीत, आणि अशा प्रतिनिधित्वाने झालेला निकाल गैरहजर माणसास बांधीत नाही.

हे झाले पितृकुळ. मातृकुळ सदोष वस्तूंच्या कायद्याचे, आणि तेथे आरंभ होतो तो एका टपालगाडीपासून. १८४२ मध्येच इंग्लंडात मोडक्या टपालगाडीवरून पडून जायबंदी झालेल्या सारथ्याला न्यायालयाने सांगितले की, गाडी दुरुस्त राखण्याचा करार टपालखात्याशी होता, तुझ्याशी नव्हता. तेव्हा तुला दाद मागता येत नाही. ही करारनिष्ठ भिंत मोटारीनेच पाडली. न्यूयॉर्क राज्यातील एका पाथरवटाच्या ब्युइक गाडीचे लाकडी आऱ्यांचे चाक चालत्या गाडीखाली मोडून पडले. चाक ब्युइकने बनवलेले नव्हते आणि गाडीही त्याने ब्युइककडून नव्हे, विक्रेत्याकडून घेतलेली होती. तरीही १९१६ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निर्मात्यास जबाबदार धरले. पुढे १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका नव्या कोऱ्या प्लिमथ गाडीचे प्रकरण आले. तिचे सुकाणू हातातल्या हातात फिरून ती भिंतीवर आदळली होती, आणि खरेदीपत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत, ९० दिवस वा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तोवर सदोष भाग बदलून देऊ, याहून आमची जबाबदारी नाही, असे छापलेले होते. सर्व मोटार कंपन्या एकसारखाच मसुदा पुढे करीत असताना ग्राहकाची त्याखालील सही ही खरी संमती नव्हे, असे म्हणून न्यायालयाने ती अट झुगारून दिली.

परंतु हे सारे लढे हाडे मोडलेल्यांचे होते. ज्याचा गिअर केवळ अडखळतो, ज्याच्या गाडीचा रंग तीन वर्षांत पोपडे धरतो, त्याचे नुकसान काही शे डॉलरांचे. अमेरिकेत जिंकणाऱ्यासही आपल्या वकिलाचा खर्च सामान्यतः स्वतःच सोसावा लागत असल्यामुळे अशा माणसाने दावा लावणे म्हणजे रुपया मिळवण्यासाठी दहा खर्चणे. या दोन्ही कुळांचा संबंध जुळला तो १९६६ साली. त्या वर्षी जुलैत २३ वा नियम नव्याने लागू झाला. हार्वर्डचे प्राध्यापक बेंजामिन कॅप्लन हे त्याच्या मसुदा समितीचे प्रतिवेदक होते, आणि त्यातील क्रांती एकाच कलमात होती: पैशाच्या भरपाईच्या दाव्यात जो बाहेर पडत नाही तो आत आहे असे धरावे. त्याच वर्षी सप्टेंबरात मोटारींच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला आणि सदोष गाड्यांची सूचना मालकांस देणे कंपन्यांस भाग पडले. वकिलाच्या मेहनतान्याची तजवीज तर त्याआधीच झालेली होती. ज्याच्या धडपडीने सर्वांसाठी निधी उभा राहतो, त्याचा खर्च त्या निधीतून वजा करावा, हे तत्त्व फ्लोरिडातील रेल्वेरोख्यांच्या एका प्रकरणात १८८० च्या दशकारंभी मान्य झाले होते. सर्वांचे मौन आणि एकाची हजेरी, या दोहोंवर उभी असलेली यंत्रणा अशा रीतीने सिद्ध झाली.

तिची परीक्षाही लवकरच झाली. १९७७ साली शिकागोतील एका गृहस्थाने आपली ओल्ड्समोबील दुरुस्तीस नेली असता तिच्या इंजिनाला ओल्ड्समोबीलचे सुटे भाग बसेनात. चौकशी करता उघड झाले की, ‘रॉकेट’ इंजिनाची ख्याती मिरवणाऱ्या त्या गाडीत जनरल मोटर्सने स्वस्त शेव्हर्लेचे इंजिन बसवले होते. देशभर दावे उठले. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी वाटाघाटी करून प्रत्येक मालकास २०० डॉलर आणि दुरुस्तीचा एक विमा अशी तडजोड घडवून आणली आणि खालच्या न्यायालयाने तिला मंजुरीही दिली. पण १९७९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. ही बोलणी कशी झाली याची चौकशी हरकतदारांना करू न देणे चूक होते, हे त्याचे एक मुख्य कारण. रक्कम पुरेशी आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही, ती कोणी कोणाच्या वतीने ठरवली हेही पाहावे लागते, हा दंडक येथे घालून दिला गेला.

त्याहून गाजले ते पिकअप ट्रकांचे प्रकरण. १९७३ पासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत जनरल मोटर्सने बनवलेल्या मोठ्या पिकअपांच्या इंधनटाक्या सांगाड्याच्या पोलादी दांड्यांच्या बाहेर, गाडीच्या कुशीला लावलेल्या होत्या. बाजूने धडक बसली की त्या फुटून पेट घेतात अशी तक्रार होती. १९९३ मध्ये तडजोड ठरली ती अशी: जवळजवळ साठ लाख मालकांपैकी प्रत्येकास १,००० डॉलरचे कूपन, ते पंधरा महिन्यांच्या आत त्याच कंपनीचा नवा ट्रक घेताना वापरावयाचे, आणि वकिलांस सुमारे ९५ लाख डॉलर, मात्र रोख. टाकी जेथल्या तेथे. १९९५ साली फिलाडेल्फियाच्या न्यायालयात न्यायमूर्ती एडवर्ड बेकर यांनी या तडजोडीची जी चिरफाड केली ती आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांस वाचावी लागते. ज्याला नवा ट्रक परवडत नाही त्याला यातून काय मिळाले? ज्या सरकारी खात्यांच्या वा संस्थांच्या ताफ्यात असे अनेक ट्रक आहेत त्यांनी मुदतीत तितकेच नवे ट्रक कोठून घ्यावेत? आणि जो घेईल त्याच्या खरेदीचा नफा कोणाच्या पदरी? भरपाई म्हणून पुढे केलेली वस्तू ही कंपनीच्या विक्रीची योजनाच अधिक दिसते, असा बेकर यांचा निष्कर्ष. मंजुरी रद्द झाली. फिर्यादींच्या वकिलास आपला मेहनताना आणि अशिलाचे हित यांत फारकत करण्याचा मोह होतो, म्हणून अशा वेळी न्यायाधीशानेच गैरहजरांचा पालक व्हावे, हे तत्त्व त्या निकालाने ठसवले. संसदेला मात्र आणखी दहा वर्षे लागली. २००५ च्या कायद्याने, कूपनांच्या तडजोडीत वकिलाचा वाटा वाटलेल्या नव्हे तर प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या कूपनांच्या किमतीवरून ठरावा, असा निर्बंध घातला.

या ठेचांतून जी तडजोड घडत गेली तिचा सर्वांत मोठा नमुना फोल्क्सवागेनच्या डिझेल गाड्यांचा. तपासणीच्या वेळीच धूर रोखणारी आणि रस्त्यावर मोकळा सोडणारी आज्ञावली त्या गाड्यांत बसवल्याचे २०१५ च्या सप्टेंबरात उघड झाले, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी दोन लिटर इंजिनांच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या तडजोडीस अंतिम मंजुरी दिली. येथे कूपने नव्हती. गाडी घोटाळ्यापूर्वीच्या किमतीस परत घ्यावयाची आणि मालकास त्यावर किमान ५,१०० डॉलर द्यावयाचे, आणि त्यासाठी १,००० कोटी डॉलरांपर्यंतची तरतूद. ताकाताच्या एअरबॅगांच्या प्रकरणात प्रश्नच निराळा होता. दमट व उष्ण हवेत अमोनियम नायट्रेट बिघडून पिशवी फुगवणारा डबाच फुटे आणि धातूचे तुकडे चालकावर उडत. तेव्हा पैशापेक्षा निकड होती ती मालक हुडकून त्याच्या गाडीतला डबा बदलण्याची. म्हणून २०१७ मध्ये चार मोटार कंपन्यांनी केलेल्या ५५ कोटी ३० लाख डॉलरांच्या तडजोडीत मालकांचा शोध घेऊन त्यांस दुरुस्तीस आणण्याचा खर्च हे एक प्रमुख कलम झाले. ज्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोय म्हणून ही युक्ती जन्मली, त्यालाच धुंडाळून हजर करण्यासाठी आता तिचा पैसा खर्च होऊ लागला.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील पहिल्या आदेशाचा आठवा नियम हा त्याच चान्सरीचा वारस. आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्यात असे कलम आले की, सर्व हितसंबंधीयांस नोटीस दिल्यावाचून अशा दाव्यातील तडजोड नोंदवली जाऊ नये. ग्राहक संरक्षणाच्या १९८६ च्या आणि पुढे २०१९ च्या कायद्यानेही एकाने अनेकांच्या वतीने तक्रार करण्याची मुभा ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारास दिला. असे असूनही कार्डे आपल्या दारी येत नाहीत, याचे एक मोठे कारण वकिलाच्या मेहनतान्यात आहे. निकालातील रकमेत वाटा ठरवून काम घेणे आपल्या वकिलांस निषिद्ध. १९५४ साली मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलाने अशिलाकडून वसुलीचा निम्मा हिस्सा ठरवून घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरला. या निर्बंधामागील नीती शुद्ध आहे. पण काही हजारांच्या क्लचपट्टीसाठी लाखोंचा दावा पदरमोड करून कोणी चालवावा, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

अमेरिकेने ते उत्तर वकिलाच्या लोभात शोधले आणि मग त्या लोभावर न्यायाधीशाचा पहारा बसवण्यात पन्नास वर्षे घालवली. आपण त्या वाटेने जावेच असे नाही; नोंदलेल्या ग्राहकसंस्थांना अनेकांच्या वतीने तक्रार करण्याचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे, आणि महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची परंपरा १९७० च्या दशकापासूनची आहे. अशा संस्थेने जिंकलेल्या रकमेतून तिचा रास्त खर्च आधी वजा व्हावा, तो खर्च न्यायमंचाने तपासून ठरवावा, आणि गैरहजर मालकास आपली हरकत मांडावयास पुरेशी मुदत मिळावी, एवढे तीन नियम केले तरी व्हर्म्युडेनच्या प्रश्नास आपल्या न्यायालयांत पटण्याजोगे उत्तर मिळेल.