नाममुद्रा आणि स्वामित्वहक्क : शिराळा-वाळवा परिसरातील एक विचार

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात मोरणा नदीच्या काठी वसलेले बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीच्या उत्सवामुळे महाराष्ट्रभर ज्ञात आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे असून त्याची स्थापना परंपरेने शके १५७६, म्हणजे इ. स. १६५४, या वर्षी मानली जाते. ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याशी अशा गावाचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु शिराळा आणि त्यास लागून असलेला वाळवा तालुका हा वारणा व कृष्णा यांच्या दरम्यानचा मुलूख विचारात घेतला, तर नक्कल करण्याविषयीच्या तीन भिन्न धारणा येथे एकामागून एक नांदलेल्या आढळतात. संगणक व आंतरजाल यांच्या युगात चौर्याचा जो प्रश्न उभा राहिला आहे, त्याचे खरे स्वरूप या तिन्ही धारणा शेजारी ठेवल्यावाचून नीट उमगत नाही.

पहिली धारणा हस्तलिखितांच्या काळातील होय. त्या काळी ग्रंथाची नक्कल करणे हा अपराध नसून पुण्यकर्म होते. वीस दशके आणि दोनशे समास एवढा विस्तृत दासबोध शिष्यांनी हाताने उतरवून घेतला, मठामठांत पोचविला, म्हणूनच तो टिकला. मात्र या नकलेस काटेकोर शिस्त होती. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला वाहिलेला आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे. तरुणपणी ते इतके बारीक काढू नये की म्हातारपणी वाचता येणार नाही. पानाच्या चहूबाजूंस मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर सुरक्षित राहील, असा त्याचा आशय आहे. तात्पर्य, नक्कल सर्वांना मोकळी होती. पण नक्कल करणाऱ्यावर मूळ पाठाची जबाबदारी होती. अधिकाराची भाषा तेथे नाही, कर्तव्याची आहे.

दुसरी धारणा शाहिरांची. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्ण कुलकर्णी पुढे पठ्ठे बापूराव या नावाने तमाशाच्या फडावर गाजले. लावणी एकदा फडावर म्हटली गेली की ती दुसऱ्या फडाने उचलण्यास विलंब लागत नसे. कागदाचा आधार नसलेल्या या व्यवहारात कर्त्याने आपले नाव राखण्याचा एक उपाय योजिला होता, तो म्हणजे नाममुद्रा. कवनाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव गुंफलेले असे. ते गाळले तर चरण मोडे, यमक ढळे. म्हणून परक्या फडावरचा गायकही मूळ कर्त्याचा उच्चार केल्यावाचून कवन पुरे करू शकत नसे. मोबदला मिळवून देण्याचे सामर्थ्य मात्र या मुद्रेत नव्हते. बापूरावांचे १९४५ साली निधन झाले ते विपन्नावस्थेत. नाव राहिले, उत्पन्न राहिले नाही.

तिसरी धारणा कायद्याची, आणि ती मुद्रणाबरोबर आली. कंपनी सरकारने १८४७ साली विसावा अधिनियम करून ग्रंथकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य केला. कर्त्याची हयात व त्यापुढे सात वर्षे, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल ती त्यात ठरविली होती. सातारचे राज्य खालसा झाले ते त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर १९१४ चा भारतीय कायदा झाला व मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांपर्यंत वाढली. स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. १९९२ मध्ये पन्नासाची साठ वर्षे झाली. या हिशेबाने पठ्ठे बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्क २००५ च्या अखेरीस संपला.

हा कायदा छापील पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून घडविला गेला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९५७ च्या व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखांकित केलेली स्वररचना. ज्या शाहिराची चाल केवळ त्याच्या कंठात होती, ती त्या व्याख्येत बसत नव्हती. ही लेखनाची अट १९९४ च्या दुरुस्तीने गळाली, आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंताच्या स्वतंत्र हक्काला कायद्यात स्थान मिळाले तेही त्याच दुरुस्तीने. म्हणजे मुद्रणयुगाचा कायदा तमाशाच्या फडापर्यंत पोचला तो मुद्रणाचे वर्चस्व ओसरू लागल्यानंतर.

या विलंबाची झळ काय असते, हे वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या चरित्रावरून कळते. १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊंनी फडावरची शाहिरी आणि छापील कादंबरी ही दोन्ही क्षेत्रे गाजविली. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून त्यांची कवने कामगारवस्त्यांत पसरली. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही लावणी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तोंडोतोंडी झाली. कवन सर्वांचे व्हावे यासाठीच ते रचले गेले होते, आणि तेथे नकलेला मज्जाव करणे म्हणजे चळवळीलाच मज्जाव करणे ठरले असते. उलट ‘फकिरा’ किंवा वारणेचे नाव मिरविणारी ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्या म्हणजे लेखकाच्या उपजीविकेचे साधन होते. एकाच लेखकाच्या एका कृतीस मुक्त प्रसार हवा आणि दुसरीस संरक्षण हवे, हा भेद कायद्याच्या एकसाची मुदतीत सामावत नाही. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊंचे निधन झाले, तेव्हा १९५७ चा कायदा अमलात येऊन अकरा वर्षे लोटली होती; तथापि त्यांचा शेवटही दारिद्र्यातच झाला. कागदावरचा हक्क आणि हाती पडणारा मोबदला यांत मोठे अंतर असते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

ध्वनिफितींच्या प्रसाराने नक्कल घरोघर आली. तिला आळा घालण्यासाठी १९८४ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक करण्यात आल्या. नंतर संगणक व भ्रमणध्वनी आले, आणि नकलेचा खर्च जवळजवळ शून्यावर उतरला. संगणकाची रीतच अशी की एखादी कृती पाहावयाची म्हटली तरी तिची एक प्रत यंत्राच्या स्मृतीत तयार व्हावी लागते. वाचन आणि नक्कल यांच्यामधील भिंत येथे पडली. २०१२ च्या दुरुस्तीने अशा क्षणिक प्रतींना सूट दिली, तसेच संरक्षक कुलपे मोडणे हा अपराध ठरविला. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, बंद केलेली संकेतस्थळे नव्या नावाने पुन्हा उघडली तर त्यांनाही तोच मनाईहुकूम लागू करता यावा अशी तजवीज केली. २०२३ च्या दुरुस्तीने चलच्चित्र कायद्यातही चित्रपटाच्या चोरट्या चित्रणाविरुद्ध तीन महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद झाली.

परंतु प्रत्येक नक्कल हा अपराध नव्हे, हेही त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींसंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले. अध्यापनाच्या ओघात विद्यार्थ्यांसाठी ग्रंथांतील उतारे एकत्र करून देण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा तो निर्णय होता. स्वामित्वहक्क हा नैसर्गिक वा दैवी अधिकार नसून ज्ञानाच्या वाढीसाठी कायद्याने निर्मिलेली व्यवस्था आहे, ही त्यामागील भूमिका होय.

आता तिन्ही धारणांची तुलना करावी. मठातील लेखकास नक्कल मोकळी होती, पण पाठ शुद्ध राखण्याचे बंधन होते. फडावरील गायकास कवन मोकळे होते, पण नाममुद्रा गाळता येत नव्हती. छापील ग्रंथाच्या काळात नक्कल बंद झाली व तिच्या जागी मोबदल्याचा करार आला. आंतरजालाने नकलेचे पुरातन स्वातंत्र्य परत आणले. मात्र त्यासोबतची दोन्ही बंधने मागेच राहिली. लावणीचा तुकडा कापून पुढे धाडला जातो तेव्हा अखेरचा चरण, आणि म्हणून कर्त्याचे नाव, सर्वांत आधी गळून पडते. कादंबरीची छायाप्रत फिरते तेव्हा तिची पाने पुरती आहेत की नाहीत, याची हमी कोणी देत नाही. मोबदल्याची हानी पैशाने भरून निघू शकते. हरवलेले नाव आणि बिघडलेला पाठ पुढील पिढीला दुरुस्त करता येतीलच असे नाही.

कायद्याला या दोन गोष्टींचे विस्मरण झालेले नाही. १९५७ च्या कायद्याचे ५७ वे कलम कर्तृत्वाचा दावा सांगण्याचा व कृतीच्या विपर्यासास हरकत घेण्याचा हक्क लेखकास देते; हे हक्क त्याने आर्थिक हक्क विकून टाकले तरी उरतात. विपर्यासाविरुद्धच्या हरकतीस १९९४ साली जी कालमर्यादा घातली गेली होती, तीही २०१२ मध्ये उठविण्यात आली. नाममुद्रेचे आणि लेखनक्रियेचे तत्त्वच जणू कायद्याच्या भाषेत येथे प्रकटले आहे. तरीही चौर्यासंबंधीच्या चर्चेत या कलमाचा उल्लेख क्वचित होतो. चर्चा फिरते ती नुकसानीच्या रकमांभोवती.

या प्रश्नास एक निकटची तारीखही आहे. अण्णा भाऊंच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयावरील हक्क ३१ डिसेंबर २०२९ रोजी संपेल आणि १ जानेवारी २०३० पासून ते सर्वांना खुले होईल. त्यांच्या कथांवरील चित्रपट व ध्वनिमुद्रणे यांच्या मुदती निराळ्या आहेत. त्यांची गल्लत होता कामा नये. त्या दिवशी ज्याच्या हाती जी प्रत असेल ती तो प्रसृत करील, आणि जी प्रथम पसरेल तीच प्रमाण मानली जाण्याचा संभव आहे. म्हणून पहिल्या आवृत्त्या मिळवून, पाठभेद नोंदवून, शुद्ध संहिता त्या तारखेपूर्वी सिद्ध करणे हे मराठीच्या विद्यापीठीय विभागांचे काम ठरते. कायदा नकलेस परवानगी देईल किंवा ती नाकारील; चांगली नक्कल कशी करावी हे तो शिकवीत नाही. ते शिकविणारा समास मराठीत साडेतीन शतकांपूर्वीच लिहिला गेला आहे.