ऑनलाइन विक्री : देयक व्यवस्थेतील बदल आणि छोट्या विक्रेत्यांवरील शुल्काचा भार

इंटरनेटवरील बाजारपेठेतून माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याच्या हाती ग्राहकाने मोजलेली पूर्ण रक्कम येत नाही. कमिशन, ठराविक शुल्क, वाहतूक खर्च आणि कर अशा विविध नावांनी होणाऱ्या कपातीनंतर उरलेली रक्कमच त्याच्या बँक खात्यात जमा होते. गेल्या दोन दशकांत पैसे चुकते करण्याच्या पद्धतीत मोठे बदल झाले. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय व्यवहारांवरील बँकांचे शुल्क २०२०मध्ये शून्यावर आणण्यात आले. तथापि, त्यामुळे बाजारपेठेतील विक्रेत्यावरचा भार शून्य झाला नाही. त्याचे स्वरूप आणि नाव मात्र बदलले.

हा विषय मुंबई-पुण्यातील व्यापाऱ्यांपुरता मर्यादित नाही. छत्तीसगडमध्ये भिलाई पोलाद कारखान्याच्या परिसरात वसलेल्या कॅम्प-१ सारख्या वस्तीतून घरगुती उत्पादने, कपडे किंवा गृहोपयोगी वस्तू विकू पाहणाऱ्यालाही हीच शुल्करचना लागू होते. भिलाईहून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दुर्ग, राजनांदगाव आणि डोंगरगढ मागे टाकल्यावर महाराष्ट्रातील गोंदिया जिल्हा लागतो. त्यामुळे येथील विक्रेत्याचा माल काही तासांच्या अंतरावरच राज्याची सीमा ओलांडतो आणि कराचे नियम बदलतात.

मध्यस्थाच्या हाती पैसा

भारतातील ऑनलाइन बाजारपेठेचा एक प्रारंभीचा प्रयोग मुंबईत झाला. २०००मध्ये सुरू झालेली बाझी डॉट कॉम ही कंपनी २००४मध्ये अमेरिकेच्या ईबे कंपनीने विकत घेतली. ईबेच्या भारतीय संकेतस्थळावर पैसापे ही देयक सुविधा होती. खरेदीदाराचे पैसे आधी मध्यस्थाकडे जमा होत आणि नंतर विक्रेत्याला मिळत. हे संकेतस्थळ ऑगस्ट २०१८मध्ये बंद झाले, परंतु मध्यस्थामार्फत पैसे चुकते करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २४ नोव्हेंबर २००९ रोजी प्रथम निर्देश जारी केले. ग्राहकांकडून जमा झालेली रक्कम स्वतंत्र नोडल खात्यात ठेवणे त्यानुसार बंधनकारक झाले. १७ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी बँकेतर देयक मध्यस्थांना, म्हणजेच पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांना, रिझर्व्ह बँकेची परवानगी आणि एस्क्रो खाते अनिवार्य केले. स्वतःच देयक सेवा देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांनी तो व्यवसाय विक्रीच्या व्यवसायापासून वेगळा करावा, असेही या सूचनांत स्पष्ट करण्यात आले. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने यासंबंधीचे एकत्रित निर्देश जारी केले.

शून्य दराचा अर्थ

कार्डाने पैसे दिले जातात तेव्हा ग्राहकाची बँक, कार्डाचे जाळे चालवणारी संस्था आणि व्यापाऱ्याची बँक अशा तिघांचा त्यात सहभाग असतो. त्यांच्या सेवेचा मोबदला व्यापाऱ्याकडून टक्केवारीने घेतला जातो. त्याला मर्चंट डिस्काउंट रेट अथवा एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०१८पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डासाठी वार्षिक २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना कमाल ०.४० टक्के, तर त्याहून मोठ्या व्यापाऱ्यांना कमाल ०.९० टक्के दर ठरवून दिला. त्यानंतर १ जानेवारी २०२०पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील हा दर कायद्याने शून्य झाला. क्रेडिट कार्डांसाठी अशी कमाल मर्यादा घालण्यात आली नाही. स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर साधारणतः दोन टक्के आणि त्यावर वस्तू आणि सेवा कर द्यावा लागतो.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. शून्य दराचे बंधन बँका आणि देयक प्रणाली चालवणाऱ्या संस्था यांच्यावर आहे. बाजारपेठ आणि विक्रेता यांच्यातील करारानुसार आकारले जाणारे कमिशन किंवा ठराविक शुल्क त्याच्या कक्षेत येत नाही. ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले म्हणून बाजारपेठेचे ठराविक शुल्क आपोआप कमी होत नाही.

दुसरे असे की, शून्य दराच्या व्यवहारांनाही खर्च येतोच. तो काही अंशी भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने बँकांना प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना राबवली. मार्च २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. छोट्या व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन देण्याची तरतूद तीत होती.

ईबेचा अनुभव

देयक यंत्रणा बदलली की शुल्कही कसे बदलते, याचे बोलके उदाहरण ईबेने अमेरिकेत घालून दिले. २००२मध्ये विकत घेतलेली पेपाल ही कंपनी २०१५मध्ये ईबेपासून विभक्त झाली. जानेवारी २०१८मध्ये ईबेने नेदरलँड्सच्या अ‍ॅडयेन कंपनीची मुख्य देयक भागीदार म्हणून निवड जाहीर केली. तोपर्यंत तेथील विक्रेता बहुतेक प्रकारच्या मालावर ईबेला १० टक्के आणि पेपालला स्वतंत्रपणे २.९ टक्के व ३० सेंट देत असे. नव्या व्यवस्थेत दोन्ही शुल्के एकत्र करून १२.३५ टक्के आणि ३० सेंट आकारण्यात आले. वरकरणी ही कपात होती. मात्र, त्यानंतर हा एकत्रित दर टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये बहुतेक प्रकारांसाठी १३.२५ टक्के झाला. शुल्क एकत्र झाल्यावर त्यात पैसे चुकते करण्याचा खर्च किती आणि बाजारपेठेचा नफा किती, हे विक्रेत्याला वेगळे पाहता येईनासे झाले.

भारतात मीशोने २०२१मध्ये विक्रेत्यांसाठी शून्य कमिशनचे धोरण स्वीकारले. अ‍ॅमेझॉनने ७ एप्रिल २०२५पासून ३०० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सुमारे १ कोटी २० लाख वस्तूंवरील कमिशन रद्द केले. कमिशन नसले तरी वाहतूक, परत आलेला माल आणि जाहिरात यांचा खर्च उरतोच. त्यामुळे कोणत्याही एका दरावरून दोन बाजारपेठांची तुलना करणे फसवे ठरू शकते.

एका वस्तूचा हिशेब

उदाहरणादाखल, कॅम्प-१ मधील नोंदणीकृत विक्रेत्याने वस्तू आणि सेवा कर वगळून १,००० रुपयांची वस्तू विकली, असे धरू. कमिशन १०० रुपये, ठराविक शुल्क २५ रुपये आणि वाहतूक ७० रुपये मानल्यास एकूण शुल्क १९५ रुपये होते. त्यावर १८ टक्के दराने ३५ रुपये १० पैसे कर लागतो. म्हणजे २३० रुपये १० पैशांची कपात होते.

याखेरीज बाजारपेठ दोन करही कापून घेते. प्राप्तिकरापोटी होणारी टीडीएस कपात पूर्वी १ टक्का होती. ती १ ऑक्टोबर २०२४पासून ०.१ टक्का झाली. वस्तू आणि सेवा कराखालील टीसीएस वसुली १ ऑक्टोबर २०१८पासून १ टक्का होती. ती १० जुलै २०२४पासून ०.५ टक्का करण्यात आली. पूर्वी या दोन्हींपोटी २० रुपये अडकत असत, आता ६ रुपये अडकतात. विक्रेत्याच्या खात्यात ७६३ रुपये ९० पैसे जमा होतात.

वस्तूची खरेदी ७०० रुपयांची असेल, तर प्रथमदर्शनी ६३ रुपये ९० पैसे उरतात. परंतु कापलेले ६ रुपये हे शुल्क नव्हे. ते विक्रेत्याच्या नावावर जमा राहतात आणि कर भरताना वळते करून घेता येतात. शुल्कावरील ३५ रुपये १० पैशांच्या कराचे क्रेडिटही नियमित करदात्याला मिळू शकते. या दोन्ही रकमांची नोंद ठेवून विवरणपत्र भरणाऱ्याचा नफा १०५ रुपये होतो. ती न घेणाऱ्याचे ४१ रुपये १० पैसे दर वस्तूमागे वाया जातात.

छोट्या, नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३पासून उलाढालीच्या मर्यादेत राहून ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकण्याची मुभा मिळाली आहे. मात्र ती आपल्याच राज्यापुरती आहे. भिलाईतून रायपूरला माल पाठवणाऱ्याला नोंदणीची गरज नाही. तोच माल गोंदिया किंवा नागपूरच्या ग्राहकाला पाठवायचा झाल्यास नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्याला शुल्कावरील कराचे क्रेडिट मिळत नाही, हेही किंमत ठरवताना ध्यानात घ्यावे लागते.

विलंबाची किंमत

पैसे केव्हा मिळतात, हाही खर्चाचाच भाग आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या सूचनांनुसार, माल पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असल्यास वितरणाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला रक्कम देणे अपेक्षित होते. परंतु माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवण्याचा करार असेल, तर ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत सवलत होती. उसनवारीने माल भरणाऱ्या व्यापाऱ्याला या दिवसांचे व्याज स्वतः सोसावे लागते.

परत आलेल्या मालाचा फटका त्याहून मोठा असतो. वरील उदाहरणात परतीच्या वाहतुकीचे ७० रुपये आणि त्यावरील कर मिळून ८२ रुपये ६० पैसे विक्रेत्याकडून घेतले गेले, तर करांच्या नोंदी न ठेवणाऱ्या विक्रेत्याचा एका विक्रीतील ६३ रुपये ९० पैशांचा नफा त्यात पूर्णतः संपतो आणि पदरचे १८ रुपये ७० पैसे जातात.

या पार्श्वभूमीवर, बाजारपेठेकडून दर आठवड्याला अथवा पंधरवड्याला मिळणाऱ्या हिशेबपत्रातील नोंदी तीन भागांत वेगळ्या करणे छोट्या विक्रेत्याच्या हिताचे ठरते : कायमचे जाणारे शुल्क, परत मिळू शकणारा कर आणि केवळ काही काळ अडकलेली रक्कम. शुल्काचा तक्ता बदलल्याची सूचना आल्यावर जुन्या दहा-वीस विक्रींचा हिशेब नव्या दराने पुन्हा करून पाहिल्यास, जाहीर झालेली कपात प्रत्यक्षात किती रुपयांची आहे, हे स्पष्ट होऊ शकते.