सापाची तहान

नागपंचमी आली की नाग दूध पितो की नाही हा वाद दरवर्षी उकरून निघतो. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई सांगणार, पीत नाही. घरातली आजी सांगणार, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गंमत म्हणजे दोघींचंही खरं आहे. रानातला नाग दुधाच्या वाटेला जात नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग मात्र पितो, कारण तो कित्येक दिवसांचा तहानलेला असतो. त्या वेळी समोर जे पातळ येईल ते तो पितो.

ही तहान मुद्दाम लावलेली असते. सणाच्या आधी नाग पकडायचा, विषाचे दात मोडायचे, कधी तोंडच शिवून टाकायचं, आणि कोरड्या वेताच्या टोपलीत बंद करून ठेवायचं. मोडलेल्या दातांच्या जागी जखम चिघळते, तोंड सडत जातं. वरून दूध, जे त्याला पचत नाही आणि श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसं खराब करतं. आपण हळदकुंकू वाहिलेले बरेच नाग श्रावण संपेपर्यंत जगत नसत, हे वाचल्यावर मला काही काळ त्या सणाचा जरा रागच आला होता. असो.

साप पाणी तोंडाने पितो हे खरं, पण त्याचं बरंचसं आरोग्य भोवतालच्या ओलाव्यावर चालतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर, धुरकट होतात. जुन्या आणि नव्या कातडीमध्ये पातळ द्रव साठतो आणि मग जुनी कात ओठापासून सुटत उलटी होत निघते, पायमोजा काढावा तशी. हवा फार कोरडी असेल तर ती तुकड्यातुकड्यांनी फाटते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. तोही कातीबरोबर निघायला हवा, नाही निघाला तर डोळा जायची भीती. उलट जागा कायम ओली आणि कोंदट राहिली तर पोटाकडच्या खवल्यांना फोड येतात, छातीत कफ होतो, साप तोंड उघडं ठेवून श्वास घेतो. म्हणजे ओल हवी, पण चिखल नको.

आता आमच्या बोदवडकडे बघा. मे महिन्यात कपाशीच्या शेतांची काळी माती अशी फाटते की भेगेत अख्खा हात जावा. वर अंगार, पण आत खोलवर गारवा आणि थोडी ओल. साप उन्हाळा काढतो तो असल्या भेगांत, वारुळांत, उंदरांच्या बिळांत. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरतं, आणि साप बाहेर. नेमकी तीच निंदणीची वेळ. नागपंचमीला जमीन खणू नये, नांगर धरू नये ही चाल कुणी का घातली असेल हे कळायला फार पोथ्या चाळाव्या लागत नाहीत. त्यानंतरच्या रविवारी कानबाई येते, तोवर घरात सापाचा विषय चालूच असतो.

माणसाने साप ठेवायला जी भांडी वापरली त्यांत मला मडकं सगळ्यात शहाणं वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी पकडलेले नाग थोडी माती घातलेल्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून, घरात टांगून ठेवत. मद्रासजवळ १९७८ साली इरुळा लोकांची साप पकडणाऱ्यांची सहकारी सोसायटी निघाली, तिनेही विषासाठी आणलेले साप मडक्यातच ठेवले, वर सुती कापड. तीन-चार आठवडे विष काढायचं आणि परत रानात सोडायचं. आपला माठ पाणी गार करतो तेच तत्त्व. अंगातून पाणी झिरपतं, उडतं, आत गारवा राहतो, आणि कापडातून हवा खेळते. काचेच्या पेटीला हे जमत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४९ साली जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं खरं, पण तिथे १८५२ साली एका रखवालदाराने दारूच्या नशेत नाग हाताळला आणि जीव गमावला. पेटी कितीही चांगली असली तरी हात माणसाचाच!

मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिला त्यांचं नाव आहे. पुढे तिथे सर्पविषावरची लस होऊ लागली आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं पिंजऱ्यात टिकवणं हे देवघरातलं नाही तर दवाखान्यातलं काम झालं. तिथल्या डॉ. पी. जे. देवरस यांनी सर्पालयातल्या सापांकडून किती विष मिळतं याच्या नोंदींवर १९६३ साली लिहिलं, आणि १९६५ साली भारतातल्या सापांवर त्यांचं पुस्तक आलं. आजारी साप विष देत नाही, म्हणून त्याची तब्येत सांभाळणं ही तिथे दया नव्हती, गरज होती. ज्याने चावायचं त्याच्याच विषातून चावलेल्याचं औषध. खानदेशातल्या शेतमजुराचा जीव असा परळच्या पिंजऱ्याला बांधलेला.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरी ठेवणं हा गुन्हा आहे. शिराळ्याची जिवंत नागांची पूजा न्यायालयाने थांबवली, तिथे मातीचे नाग आले. २०२५ साली केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली ती लोकशिक्षणासाठी, मिरवणुकीसाठी नव्हे. परदेशी अजगर पाळणाऱ्यांना २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आफ्रिकेतला बॉल पायथन आपल्याकडे काचपेटीत कुणी पाळला तर त्याला साठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, कात टाकताना थोडा जास्त. खानदेशातल्या एप्रिलच्या दुपारी हवेत त्याच्या निम्माही नसतो. मग लोक खोलीत कूलर लावतात आणि पेटीची जाळी झाकतात, म्हणजे कोरड्याचं एकदम कोंदट! त्यापेक्षा पेटीच्या एका कोपऱ्यात मातीचं पालथं मडकं, त्याला एक भोक, आत ओलसर काथ्या, आणि बाकीची पेटी कोरडी, हवेशीर. साप हवं तेव्हा आत जातो, नको तेव्हा बाहेर. अडकलेली कात ओढायची नाही, कोमट ओल्या फडक्यातून त्याला स्वतःहून सरकू द्यायचं. आणि कात सापडली की तिचा डोक्याकडचा भाग उजेडात धरून बघायचा, डोळ्यांची दोन्ही भिंगं तिच्यात आली आहेत का.