एकषष्टीचें ज्येष्ठमूळ आणि पोथ्यांतील अंकशुद्धि

वऱ्हाडचा गणिताशीं जो जुना संबंध आहे तो मुख्यतः दधिग्रामच्या दैवज्ञ घराण्यामुळें. हा गांव विदर्भांत पयोष्णीच्या तीरीं होता, असें त्या वंशाच्या ग्रंथांवरून कळतें. या घराण्यांतील बल्लाळ काशीस जाऊन राहिला. त्याचा पुत्र कृष्ण दैवज्ञ यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'बीजपल्लव' ही टीका रचिली. दुसरा पुत्र रंगनाथ सूर्यसिद्धान्ताचा टीकाकार, व रंगनाथाचा पुत्र मुनीश्वर लीलावतीचा. तेव्हां बीजगणिताची पोथी हातीं आल्यास ती अधिक काळजीनें तपासणें हें आम्हां वऱ्हाडकरांचें कर्तव्यच होय.

त्या ग्रंथांत (शके १०७२, इ. स. ११५०) पुढील प्रश्न आहे : कोणत्या वर्गास ६१ नीं गुणून १ मिळविला असतां पुन्हां वर्गच होतो? उत्तर, कनिष्ठ २२६१५३९८० व ज्येष्ठ १७६६३१९०४९. शून्याचा पक्ष वगळल्यास याहून लहान पूर्णांक उत्तर नाहीं. प्रकृति ६७ घेतल्यास मात्र कनिष्ठ ५९६७ व ज्येष्ठ ४८८४२ एवढ्यावरच काम भागतें. फर्मा या फ्रेंच गणित्यानें १६५७ सालीं हाच ६१ चा प्रश्न युरोपांतील पंडितांपुढें मांडिला होता.

कृति अशी. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३ येथून आरंभ करून गुणक ७ घेतां चक्रवालानें कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप ऋण ४ येतो. पुढें ब्रह्मगुप्ताच्या भावनेनें कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८ व क्षेप ऋण १ मिळतो. यांची आपल्याशींच भावना केली कीं इष्ट उत्तर सिद्ध होतें. म्हणून आपलें ज्येष्ठमूळ २९७१८ च्या वर्गाच्या दुपटीहून एकानेंच अधिक आहे.

आतां पाठशुद्धीविषयीं. दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तांत नवशेषानें ताळा पाहण्याची रीत आहे. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून शेष शून्य, ज्येष्ठाची ४६, म्हणून शेष १, ताळा जमतो. लेखकानें ९ चा १ केला तर चूक येथेंच उघड होते. परंतु ६३ चे ३६ होऊन १७६३६१९०४९ असें लिहिलें गेल्यास बेरीज तीच राहते व नवशेष फसतो. नारायण पंडितानें गणितकौमुदींत (१३५६) कोणत्याही इष्ट हरानें ताळा पाहण्यास सांगितलें आहे. येथें हर ११ घ्यावा. शुद्ध ज्येष्ठ ११ नीं निःशेष भागला जातो, आणि अशुद्ध पाठाचा शेष ५ उरतो. शेजारचे दोन भिन्न अंक उलटे पडल्यास अकराचा ताळा चूक दाखवितोच.

प्रस्तुत लेखकानें स्वतः एका नकलेंत असेच दोन अंक उलटे उतरविले होते, आणि नवशेष जमला म्हणून ती नक्कल शुद्ध समजून पुढें दिली. ती चूक पुष्कळ दिवसांनीं ध्यानांत आली. श्लोकांतील पाठ ठरवितांना अनेक पोथ्यांचें मत पाहावें लागतें. परंतु चार पोथ्या एकाच अशुद्ध प्रतीवरून उतरल्या असतील तर त्यांच्या एकमतास अंकांच्या बाबतींत किंमत नाहीं. अमरावती व अकोला येथील संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पोथींतील अंक जसा आहे तसा नोंदवावा, ताळा पाहून शुद्ध अंक शेजारीं द्यावा, व मूळ पानावर लेखणी चालवूं नये. कारण शुद्ध संख्या गणितानें केव्हांही पुन्हां मिळेल. कोणती पोथी कोणत्या प्रतीवरून उतरली, हें सांगणारी ती चूक मात्र एकदां पुसली कीं पुन्हां मिळणार नाहीं.