राष्ट्राध्यक्षांच्या पाठीतली गोळी आणि तुमचा मेटल डिटेक्टर

पावसाळा सरून कर्जत-खालापूरच्या डोंगरवाटा वाळल्या की भटक्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "डॉक्टर, छंद म्हणून मेटल डिटेक्टर घ्यायचाय. कोणता घेऊ?" कुणाची फार्महाऊसच्या हिरवळीत अंगठी हरवलेली असते, कुणाला शेतात गाडलेला पाइपचा व्हॉल्व्ह सापडत नसतो. कुणाला आणखी काहीतरी सापडायला हवं असतं, पण ते तो पहिल्या भेटीत सांगत नाही! हा प्रश्न डॉक्टरला विचारणं तुम्हाला विचित्र वाटेल. मला वाटत नाही, कारण हे यंत्र पहिल्यांदा गाजलं तेच मुळी एका रुग्णाच्या खाटेशेजारी.

२ जुलै १८८१. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात उभे असताना चार्ल्स गितो नावाच्या माणसाने त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली आणि आत कुठेतरी राहिली. एक्स-रे अजून चौदा वर्षं दूर होता. मग गोळी शोधायची कशी? बोटाने आणि सळईने! स्थानकातल्या जमिनीवरच डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घातली. पुढचे अनेक दिवस वेगवेगळे डॉक्टर तेच करत राहिले.

जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत जोसेफ लिस्टरने १८६७ मध्येच प्रसिद्ध केली होती. १८७६ मध्ये तो स्वतः फिलाडेल्फियात येऊन अमेरिकन डॉक्टरांना ती समजावूनही गेला होता. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास ठेवायला बऱ्याच ज्येष्ठ मंडळींची तयारी नव्हती. उपचारांची सूत्रं ज्यांनी हाती घेतली ते होते डॉ. ब्लिस. गंमत म्हणजे त्यांचं पाळण्यातलं नावच 'डॉक्टर' होतं, म्हणजे ते डॉक्टर डॉक्टर विलार्ड ब्लिस! गोळी उजव्या बाजूला, यकृताच्या आसपास आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

इथे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आले. त्यांनी तारेची वेटोळी, बॅटरी आणि टेलिफोनचा कानाला लावायचा भाग जोडून एक यंत्र तयार केलं. तत्त्व आजही तेच आहे. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यात धातू आला की धातूत छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, दोन वेटोळ्यांमधला तोल बिघडतो आणि कानात आवाज येतो. बेल यांनी ते यादवी युद्धातल्या, अंगात जुन्या गोळ्या घेऊन जगणाऱ्या सैनिकांवर तपासून पाहिलं. चाललं!

२६ जुलैला व्हाइट हाऊसमध्ये मात्र काही हाती लागलं नाही. जोडणीतच चूक राहिली होती. १ ऑगस्टला पुन्हा प्रयत्न झाला. डॉ. ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. तिथे एका ठिकाणी नाही, तर बऱ्याच मोठ्या भागावर अस्पष्ट आवाज आला. ब्लिस यांनी तो आपल्या निदानाचा पुरावा मानला. बेल यांना शंका होती. चौकशी केल्यावर कळलं की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती!

१९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. तोवर शरीरभर पू झाला होता, माणूस नुसता हाडांचा सापळा उरला होता. अखेरचं निमित्त प्लीहेच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटण्याचं झालं. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला, स्वादुपिंडामागे निवांत पडलेली सापडली. आणि ज्याला डॉक्टर गोळीचा मार्ग समजत होते, ती उजवीकडे खाली गेलेली लांबलचक वाट पुवाने केलेली होती. अशा गोळ्या अंगात घेऊन कितीतरी सैनिक म्हातारे झाले. खटल्यात गितो म्हणाला, मी फक्त गोळी झाडली, मारलं डॉक्टरांनी. तो खुनी आणि वेडसर होता, पण हे वाक्य आमच्या व्यवसायाला आजही झोंबतं.

यंत्र 'जवळपास धातू आहे' एवढंच सांगतं. कोणता, किती महत्त्वाचा, काढावा की राहू द्यावा, हे सांगत नाही. खरेदी करताना आणि त्यानंतर हातात कुदळ घेताना हे लक्षात असू द्या.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. गेरहार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने विमानांच्या दिशादर्शक यंत्रांवर काम करताना पाहिलं, की धातू किंवा खनिज जवळ असलं की दिशा चुकते. त्यावरून त्याने १९३१ मध्ये धातूशोधकांची कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये भूसुरुंग शोधायचं यंत्र तयार केलं. वजन चौदा किलोच्या आसपास. १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात सैनिक ते घेऊन पुढे सरकले. पेटंट न घेता त्याने ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. बदल्यात राजाचं आभारपत्र मिळालं. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं स्वस्तात बाजारात आली आणि हा छंद जन्माला आला.

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. इथली जमीन म्हणजे सह्याद्रीचा बेसाल्ट आणि त्याची झिजून झालेली लोहयुक्त माती. यंत्राला ही मातीच थोडी 'धातू' वाटते. म्हणून 'ग्राउंड बॅलन्स' ही सोय पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मातीचा आवाज वजा करून उरलेला आवाज ऐकण्याची व्यवस्था. गॅरेटच्या एस ३०० सारख्या सोप्या यंत्रात ती कारखान्यातच ठरवून दिलेली असते. घराभोवतीच्या हिरवळीला ते पुरेल, पण डोंगरउतारावर विनाकारण कुरकुरण्याचा संभव जास्त. नोक्ता सिम्प्लेक्समध्ये तुम्ही जागेवर जमीन जुळवून घेऊ शकता आणि ते पाण्यातही चालतं. आमच्याकडच्या ओढ्यांना आणि पावसाला ते सोयीचं. मायनलॅब व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं आणि जमीन आपोआप जुळवतं. नवशिक्याने या मातीसाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातलं घ्यावं असं माझं मत. 'पल्स इंडक्शन' प्रकार खनिजयुक्त जमिनीत खोल जातो, पण लोखंडी खिळा आणि सोनं यांतला फरक त्याला नीट कळत नाही. आमच्याकडे खिळे भरपूर आहेत!

आणखी एक स्थानिक अडचण. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. तेव्हापासून या खोऱ्यांतून मुंबईकडे उच्चदाबाच्या तारा जातात. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मनोरे पाडले ते याच परिसरात. अशा तारांखाली डिटेक्टर उगाच बडबडतो. फ्रिक्वेन्सी बदलता येणारं यंत्र असेल तर ती बदला, संवेदनशीलता कमी करा किंवा सरळ दूर जा. आणि धबधब्यांच्या वाटांवर यंत्राने गोड आवाज दिला तर लगेच हरखू नका. डब्यांची झाकणं आणि चमकत्या पुड्यांचे तुकडे ॲल्युमिनियमचे असतात, आणि बारीक सोनंही यंत्राला जवळजवळ तसंच ऐकू येतं.

नाण्याएवढी वस्तू यातली यंत्रं साधारण वीतभर खोलीवर पकडतात. 'दोनशे मीटरवरून सोनं दाखवणारी' अँटेनावाली जी साधनं विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. असलंच एडीई ६५१ नावाचं पोकळ खेळणं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणारा जेम्स मॅककॉर्मिक २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. त्या खेळण्यावर विसंबून तपासणी नाक्यांवरून बॉम्ब आत गेले, माणसं मेली. आपल्याकडे गुप्तधनासाठी मांत्रिक बोलावणारेही आहेतच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्या अघोरी प्रकारांची वेगळी नोंद करावी लागली, यावरून काय ते समजा.

जोडसाधनांत पहिला पैसा पिनपॉइंटरवर घाला. हातात मावणारी ही छोटी कांडी खड्ड्यात घातली की वस्तू नेमकी कुठे आहे ते कळतं आणि खड्डा लहान राहतो. बेल यांनीही नंतर टेलिफोनला जोडलेली शोधसुई वापरून पाहिली होती, कल्पना तीच. हेडफोन घ्या, पण एक कान उघडा ठेवा. गवतातली सळसळ ऐकू यायला हवी. पेसमेकर असेल तर हेडफोन छातीवर लटकवू नका, त्यातलं चुंबक जवळून त्रास देऊ शकतं, आणि यंत्र घेण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. पोलादी टोकाचे बूट टाळा. कॉइलशेजारी पाय आला की यंत्र बोंबलणार, व्हाइट हाऊसच्या गादीसारखं.

जाड हातमोजे मात्र हवेतच. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आर्थर निकोलायर यांनी १८८४ मध्येच दाखवलं. गंजलेल्या खिळ्याची उगाच बदनामी झाली आहे, दोष गंजाचा नाही, मातीचा. टीडीचा डोस दर दहा वर्षांनी घ्यावा. मातीने मळलेली जखम झाली आणि शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल, तर लगेच घ्यावा. त्याआधी जखम साबण-पाण्याने भरपूर धुवा. गारफिल्डना तेवढंही मिळालं नाही.

दगड उचलताना आधी काठीने हलवा, खाली लाल विंचू असू शकतो. याच जिल्ह्यात, महाडकडे, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले. विष रक्तदाब आणि हृदयावर कसं काम करतं हे त्यांनी नोंदवलं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं. १९८६ मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. तेव्हा विंचू चावल्यावर नुसत्या वेदना नाहीत, तर दरदरून घाम, हातपाय गार पडणं, उलट्या दिसल्या, तर मंत्र-उतारा करत बसू नका. तडक आरोग्य केंद्र गाठा.

आता तुम्ही पहिल्या भेटीत न सांगितलेली गोष्ट. उंबरखिंड! फेब्रुवारी १६६१ मध्ये खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळच्या या खिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगली फौजेला कोंडलं आणि सामानसुमान टाकून जाण्याच्या अटीवर सोडलं. हे वाचून डिटेक्टरवाल्याचा हात शिवशिवणार, मला कल्पना आहे. पण १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि कोंडाण्याच्या लेण्यांसारख्या संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर गवत जळून गेल्यावर १९८४ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर घेऊन ती जमीन शिस्तीत तपासली. सापडलेली प्रत्येक गोळी आणि काडतूस नेमकं कुठे, कोणत्या दिशेला पडलं होतं ते नकाशावर मांडलं. त्यातून सैनिक कुठून कुठे हटले हे शंभर वर्षांनी कळलं. तीच गोळी खिशात घालून घरी नेली तर ती शिशाचा तुकडा असते. उंबरखिंडीत अशी शिस्तीची तपासणी कधी व्हायची असेल तर तिथे गोळ्या जागच्या जागी शिल्लक हव्यात. म्हणून तुमचं यंत्र स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्याच्या खासगी जमिनीवर वापरा, आणि जुनं काही लागलं तर हात थांबवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, तहसील कार्यालयाला कळवा.

शेवटी हे यंत्र पुन्हा रुग्णालयात कसं आलं ते सांगतो. मुलाने नाणं गिळलं, तर काही रुग्णालयांत हातात धरायचा डिटेक्टर छाती-पोटावरून फिरवतात. नाणं पोटात उतरलं की अन्ननलिकेतच आहे याचा अंदाज किरणोत्साराशिवाय येतो. वाचून कुणी घरचा डिटेक्टर मुलावर फिरवेल, म्हणून स्पष्ट लिहितो: नाणं आणि बटन बॅटरी यांत तो फरक करू शकत नाही. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतली ती चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. बॅटरीची नुसती शंका असली तरी मुलाला ताबडतोब एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. मूल वर्षापेक्षा मोठं असेल, नीट गिळत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. मधासाठी गाडी थांबवू नका. एक्स-रेत नाण्याची कड एकेरी दिसते, बॅटरीची दुहेरी.