वालचंदनगर : उसाच्या पट्ट्यात बनणारं रॉकेटचं ‘कवच’ नेमकं काय असतं?

१४ जुलै २०२३. दुपारी २.३५ वाजता श्रीहरिकोटाहून चांद्रयान-३ झेपावलं. जमिनीवरून उचलणारा पहिला जोर होता रॉकेटच्या दोन बाजूंना लावलेल्या एस-२०० बूस्टर्सचा. या बूस्टर्सच्या पोलादी कवचाचे भाग बनले होते पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला.

मोटर केसिंग म्हणजे काय?

घन इंधनाच्या रॉकेटला वेगळी टाकी नसते. इंधन आणि ते जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारं रसायन एकत्र करून पोलादी नळकांड्यात ओततात. आत ते घट्ट होतं. हे नळकांडं म्हणजेच मोटर केसिंग. एस-२०० चा व्यास ३.२ मीटर आणि त्यातलं इंधन सुमारे २०० टन. ते साधारण दोन मिनिटांत जळून संपतं. एकदा पेटलं की बंद करता येत नाही.

साखरेचं गाव इथवर कसं आलं?

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इथे साखर कारखाना उभारला. पुढे कंपनी साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही बनवू लागली. मोठी पोलादी भांडी घडवणं आणि जोडणं हे कौशल्य इथलंच. १९७०च्या दशकापासून ते इस्रोच्या कामी आलं.

याचा क्षेपणास्त्रांशी काय संबंध?

उपग्रह असो वा स्फोटकं, वर ढकलणारं तंत्र बरंचसं तेच. १९८० मध्ये ‘रोहिणी’ उपग्रह नेणाऱ्या एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याचं तंत्रज्ञान २२ मे १९८९ च्या ‘अग्नी’ चाचणीत वापरलं गेलं.

अग्नी हे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र. क्रूझ क्षेपणास्त्र मात्र विमानासारखं हवेतून उडत जातं. १९९१ च्या आखाती युद्धात गाजलेलं अमेरिकेचं टॉमाहॉक जेट इंजिनावर चालतं. पण जहाजावरून सुटताना त्यालाही पहिला धक्का घन इंधनाचा बूस्टरच देतो. ब्राह्मोसचंही तसंच.

जोड चुकला तर?

२८ जानेवारी १९८६ च्या थंड सकाळी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ यान उडालं. बूस्टरच्या दोन भागांमधल्या जोडातलं रबरी कडं थंडीने कडक झालं होतं. तिथून तप्त वायू निसटला आणि ७३ सेकंदांत यान नष्ट झालं. सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

म्हणूनच केसिंगचे वेल्डिंग बारकाईने तपासतात, आत दाब देऊन ते टिकतं का हेही पाहतात. एस-२०० चं इंधन श्रीहरिकोटाला भरलं जातं. वालचंदनगरहून निघतं ते रिकामं पोलादी नळकांडं. पण उड्डाणाच्या त्या दोन मिनिटांत सगळी भिस्त त्याच्यावरच असते.